चिखलातली कवायत

पडवीत दोघं भांडत होते आणि मी आत सुकट निवडत होते. कुडाच्या भिंतीला कान लावावा लागत नाही. त्यातून दोघांचीही तोंडं पलटणीत वाढलेली, हळू बोलायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"पोरांना लाकडाच्या बंदुका दिल्यास," काळुराम बोलत होता. "नळीवर नाणं ठेव, घोडा दाब, नाणं पडलं नाय म्हणजे नेम बरोबर. हे तुझं शिकवणं."

"मग? नेम तसाच शिकवतात," मोरू म्हणाला.

"सुरुवातीला. तू शेवटपर्यंत तेच करत बसलास. खऱ्या गोळीचा आवाज पोरांनी ऐकलाच नाय. पहिला बार निघाला तसा तो पोरगा दचकून बंदुकीसकट वळला, आणि बाजूच्याचा हात गेला."

"गोळ्या मोजून मिळायच्या. महाग पडतात, जपून वापरा, असा वरचा हुकूम. मी काय घरच्या आणायच्या होत्या?"

"वर जाऊन सांगायचं होतं, एवढ्या गोळ्यांत पोरं तयार होत नायत म्हणून."

"तू का नाय सांगितलंस? तू पण तिथंच होतास."

"मी नायक होतो. हवालदार तू होतास."

मग तांब्या कशावर तरी आपटला. मी हात पुसत बाहेर गेले तर काळुराम वहाणा घालत होता. मला म्हणाला, "येतो वहिनी. तुमच्या दिरानं वाचवलेल्या गोळ्या अजून त्या कोठारात पडून असतील. त्या गोळ्यांना विचार म्हणावं, तो हात कुठं गेला."

चहा तसाच राहिला. तो मीच प्यायले.

मोरू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो नाकातला शेंबूड बाहीला पुसत फिरायचा, म्हणून मी त्याला कधी भावजी म्हटलं नाही. पुढे छातीवर बिल्ले लावून आला तरी मला मोरूच. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पेन्शन घेऊन नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास घरी आला आणि माझ्या पंक्तीला बसू लागला. जेवण कसं झालंय हे त्यानं जन्मात कधी सांगितलं नाही. ताट पुढे सरकवलं म्हणजे वाढा, पालथा हात धरला म्हणजे पुरे.

रोज सकाळी विहिरीच्या कठड्यावर आरसा टेकवून दाढी करायचा. शर्टाला तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचा आणि मग तोच शर्ट घालून म्हशीला पाणी दाखवायला जायचा. म्हशीशी हिंदीत बोलायचा. "चल, आगे बढ." म्हैस गडबच्या बाजारातली, तिला काय कळणार. पण पुढे जायची, कारण तिलाही त्याची भीती वाटायची.

काळुराम अष्टमीचा. रोह्याला जाताना कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, तिथं त्याचं घर. दोघं एकाच पलटणीत, एकाच ताटात जेवलेले म्हणतात. पण त्या हातानंतर दोघांचं फाटलं ते फाटलंच. काळुराम पेन्शन घेऊन आल्यावर त्यानं अष्टमीजवळ एका माळावर मिलिटरीच्या भरतीचा क्लास काढला. धावायला आखलेली गोल वाट, लटकायला लोखंडी दांडा, उडी मारायला खड्डा. पोरांना बूट सक्तीचे. धाटावच्या कंपन्यांत ठेकेदाराच्या हाताखाली राबण्यापेक्षा फौज बरी, असं वाटणारी पुष्कळ पोरं तिथं जाऊ लागली.

आमच्या गावातली पोरंही जायला निघाली, तेव्हा देवळात गावकीची बैठक बसली. बायका मागे खांबाआड. मोरू इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला.

"अष्टमीला जाऊन काय करणार? गाडीचं भाडं, बूट, त्याची फी, वर कामाचा दिवस बुडणार तो वेगळा. मी हितंच तयार करतो. काय लागणार नाय. पाय सगळ्यांना हायत."

गावाला हे पटलं. फुकट म्हटल्यावर कुणाला पटत नाही? त्यातून मोरूनं जागाही शोधून ठेवली होती. पाऊस सरला की मिठागरातले वाफे सुकायला लागतात, तेव्हा त्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, नाहीतर मीठ मातकट निघतं. चिखलात रांगेनं उभं राहायचं आणि एका तालात पाय मारत जायचं. मोरू म्हणाला, हीच कवायत. मिठागराचा मालक खूश, त्याला माणसं आयती मिळाली. त्यानं वाफे दिले, बांध दिले, मीठ वाहायच्या टोपल्या दिल्या.

पोरांत माझा नातू धनेश होता. त्याला भरतीची दोनच सालं उरली होती, त्यानंतर वय उलटणार. आधी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायला जायचा. पण लहानपणापासून मोरूच्या मागे मागे फिरून त्याच्या डोक्यात फौजच बसली होती. फौजेत नाही गेलो तर नागोठण्याच्या कंपनीत गोणी उचलीन, पण गणपतीचे डोळे रंगवायला परत जाणार नाही, असं त्यानं आईला सांगून टाकलेलं.

त्याची आई चंद्रावती, माझी सून. तिच्या तोंडाला मोरूसुद्धा वचकून असायचा. एक दिवस धनेश गुडघ्याएवढा चिखल अंगाला लावून आला, पायाला मिठानं चिरा पडलेल्या, आणि ती सरळ मिठागरावर गेली. मी मागोमाग.

"काका, माझ्या पोराला शिपाई करताव का मिठागरातला गडी?" तिनं बांधावरूनच विचारलं.

"तू घरी जा गो."

"मी जाईन. पण आधी सांगा, मालक गड्यांना रोज देतो, तुमच्या पोरांना काय देतो? कवायत? मग मालकाला पण उभा करा की रांगेत."

पोरं हसली. मोरूनं त्यांच्याकडे बघितलं तशी गप्प झाली.

"अंगात ताकद येते चिखलानं," तो म्हणाला. "त्या काळ्याच्या माळावर बूट घालून नाचणाऱ्यांना बघ आणि या पोरांच्या पोटऱ्या बघ."

"पोटऱ्या बघून घेतात काय मिलिटरीत? मग म्हशीला पण घेतील."

खोटं कशाला बोलू, पोटऱ्या झाल्या होत्या चांगल्या. धनेश डोक्यावर मिठाची टोपली घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून पळायचा, टोपली हलायची नाही. आंब्याच्या फांदीला लटकून हनुवटी वर न्यायचा तो थांबायचाच नाही. चर उडायचा तो हरणासारखा. मला वाटलं, मोरू बरोबर आहे. चुलीपुढे बसणारीला स्वस्तात झालेलं काम नेहमीच बरोबर वाटतं.

अलिबागला भरती लागली. चंद्रावती आणि मी भाकऱ्या बांधून गेलो. मैदानाच्या कुंपणाबाहेर नुसता आयांचा बाजार भरलेला. आधी धावणं. धावण्यात जो वेळेत आला त्याला पुढं खड्डा, दांडा, तोल सांभाळून चालणं. वेळ संपली की शेवटाला दोरी आडवी धरायचे, तिच्यामागे जो राहिला तो तिथूनच घरी.

शिट्टी झाली आणि पोरं सुटली. कठीण, सुकं मैदान. धुळीत चेहरे काही दिसत नव्हते, पण मी लांबूनच ओळखलं आमची पोरं कुठली ते. टाचा दिसत होत्या.

हे सांगायला पाहिजे. खाडीच्या चिखलात सरळ पाऊल टाकलं तर चिखल पाय ओढून धरतो. म्हणून आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाच सांगतात, आधी अंगठा रोव, गुडघा वर घे आणि टाच बाहेर वळवून पाय उपट. सगळं गाव असंच चालतं. आम्हाला ते दिसत नाही. आता मोरूनं ही पोरं महिनोन्‌महिने चिखलात पळवली होती, तीही जीव तोडून. ती त्या सुक्या मैदानावरही गुडघे वर घेत होती, टाचा वळवत होती, आणि ज्या जमिनीनं त्यांना धरलंच नव्हतं तिच्यातून पाय उपटत होती. दम त्यांना पुष्कळ होता. पहिले आले त्यांच्यापेक्षा जास्त. पण ती मागे पडत गेली. आमच्या गावातला एकही त्या दोरीच्या आत गेला नाही. धनेश सगळ्यांत पुढं होता, दोरी त्याच्या छातीसमोर धरली गेली.

काळुराम तिथं होताच, त्याची पोरं आणली होती. मोरूच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि तिकडे बघतच म्हणाला, "हवालदार, चिखल तर तू गावातच सोडून आलास. मग पोरं कशातून पाय काढतायत?"

थोड्या वेळानं काळुरामची पोरं दांड्याला लटकली. त्यातली बरीच पडवळासारखी लोंबली आणि खाली आली. दोघंतिघं खड्ड्यात पडली.

"माझ्या पोरांनी हे हसत हसत केलं असतं," मोरू म्हणाला.

"केलं असतं," चंद्रावती कुंपणाला धरून म्हणाली, "हितपर्यंत पोचली असती तर."

परतीच्या गाडीत भाकऱ्यांचं फडकं कुणी सोडलं नाही.

गावात मग जे व्हायचं ते झालं. ज्यांनी फुकट म्हणून माना डोलावल्या होत्या तेच आता बोलायला लागले. मालकाचे वाफे तुडवून दिले, पोरांचं साल वाया घालवलं. कुणी म्हणालं, मालकानं मोरूला मीठ पोचवलं असेल. मीठ आमच्या घरी विकत येत होतं, पण हे कुणाला सांगत बसणार? मोरू दुकानात गेला की बाकड्यावरची माणसं उठून जायची. तोही मग मुद्दाम तिथंच बसायचा, एकटा.

पहाटे तो धनेशला घेऊन हमरस्त्यावर जायचा. डांबरावर पळवायचा, मागून सायकलवर ओरडत. "टाच, टाच बघ." पण टाच काही जाईना. एकदा वैतागून स्वतःच सायकल टाकून पळून दाखवायला लागला. धनेश हसला.

"काय हसतोस?"

"आजोबा, तुमची पण वळते."

मोरूनं खाली बघितलं. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा म्हातारा दिसला. "पलटणीत सहा महिने ठोकून ठोकून मोडली होती माझी टाच," म्हणाला. "परत आलो आणि गाव परत पायात शिरलं. मला कळलं पण नाय. वहिनी, मी याला शिकवू शकत नाय." मग बराच वेळ सुपारी कातरत बसला, खाल्ली नाही. "उद्या अष्टमीला चल माझ्याबरोबर. तुझ्यासमोर तो शिव्या देणार नाय."

शिव्या नाही दिल्या. एवढंच.

काळुराम माळाच्या फाटकात उभा होता. आत त्याची पोरं रांगेत.

"काय हवालदार, मिठागर आटलं?"

"पोराची शेवटची संधी हाय. या साली नाय झालं तर वय उलटतं. त्याला पळायला शिकव."

"फुकट नाय शिकवत मी."

"फुकट कोण मागतंय? काय घेशील ते सांग."

"तुझी पेन्शन नको मला." काळुरामनं रांगेकडे मान केली. "या पोरांसमोर उभा राहून बोल. चिखलात कवायत करून पळता येत नाय, हे बोल. आणि त्या वेळी वर जाऊन सांगायला पायजे होतं, हे पण बोल."

मोरू म्हणाला, "पहिलं बोलतो. दुसरं तुला नाय बोलणार. ज्याला बोलायचं त्याला मी त्याच्या गावाला जाऊन बोललोय. त्याच्या घरात, त्याच्या आईसमोर. तू गेला होतास काय कधी?"

काळुराम खाली बघून फाटकाची कडी चाचपत राहिला. मलाही हे माहीत नव्हतं. एकदा मोरू चार दिवस कुठं गेला होता आणि मी विचारलं तर म्हणाला होता, काम होतं.

मग मोरू रांगेसमोर गेला. ताठ उभा राहून, हुकूम सोडतात त्या आवाजात म्हणाला, "चिखलात कवायत करून चिखलात पळता येतं. रस्त्यावर येत नाय. मला वाटलं येतं. माझी चूक." पोरं टकमका बघत होती. तो वळला, दोन पावलं आला, परत फिरला. "आणि तुमच्या या गुरुजीच्या माळावर दांड्याला लटकता येत नाय. ते अलिबागला सगळ्यांनी बघितलंय."

"हे बोलायचं ठरलं नव्हतं," काळुराम म्हणाला.

"वरकड घे. फुकट हाय."

मला वाटलं आता काठी काढतो. पण काळुराम म्हणाला, "पोराला रोज तू स्वतः आणून सोडायचं. तुमच्या गावची पोरं अर्ध्या वाटेतून मागं फिरतात. तू फाटकात उभा राहून माझ्या ताब्यात द्यायचं, तर घेईन. ज्या दिवशी एकटा आला त्या दिवशी बाहेर."

त्याला रोज सकाळी मोरूला आपल्या दारात उभं करायचं होतं, हे मलाही कळलं आणि मोरूलाही. मोरू म्हणाला, "पहिली गाडी किती वाजता पोचते, ते तरी माहीत हाय काय तुला?"

पेणच्या बाजारातून बूट आणले. त्या दिवसापासून गडबच्या थांब्यावरून पहिल्या गाडीनं दोघं जायचे. काळुराम माळावर चुन्याची लांब रेघ मारायचा, तिच्यावरून धनेशला पळवायचा आणि मागून वाकून पावलं बघायचा. टाच रेघेबाहेर गेलेली दिसली की पहिल्यापासून परत. मोरू फाटकाबाहेर दगडावर बसून ऐकू जाईल असं बोलायचा. "रेघ मारायची तर सरळ मार. तुझीच वाकडी हाय." काळुराम आतून म्हणायचा, "बाहेरच्या माणसांनी बोलू नये." महिनोन्‌महिने हे चाललं.

पोराचा पाय मिठागरात पडला तर त्याला माझ्याकडे आणू नको, असं काळुरामनं बजावलं होतं. मोरूनं ऐकलं. पण चिखल सोडला म्हणून बाकीचं सोडलं नाही. संध्याकाळी सुक्या बांधावरून टोपली घेऊन चालवायचा, आंब्याला लटकवायचा, परसात चर खणला होता तो उडायला लावायचा. गावातल्यांनी विचारलं, आता कुठला क्लास? तर म्हणायचा, "जे फुकटात होतं ते मी फुकटात करतो. जे होत नाय ते त्या माजोरड्याकडून करून घेतो." चंद्रावतीनं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या ताटात न मागता कालवण वाढलं.

पुढच्या भरतीला धनेश धावून दोरीच्या आत गेला. मग खड्डा, दांडा, तोल, सगळं. छाती मोजली, डोळे तपासले, घेतला. गावकी नारळ घेऊन निघाली. मोरू म्हणाला, धावणं काळुरामचं, बाकीचं माझं, अर्धा नारळ अष्टमीला न्या. कुणीतरी खरंच नेला. काळुरामनं तो परत पाठवला आणि निरोप दिला, अर्धा मी घेत नाय, आणि कुठला अर्धा माझा ते मोरूनं ठरवू नये. तो आम्ही वरणात घातला.

धनेश फौजेत गेला, पण मोरूची सकाळची गाडी सुटली नाही. गावातली धाकटी पोरं मागे लागली आणि काळुरामची अट तशीच होती, हवालदारानं आणून सोडायचं. दोघांची बोलणी काही सुधारली नाहीत. कारगिलची लढाई लागली त्या उन्हाळ्यात धनेशचं पत्र येईना, तेव्हासुद्धा फाटकात दोघं एकमेकांवर खेकसत होते. काळुराम रोज विचारायचा, "पत्र?" मोरू म्हणायचा, "तुला काय करायचंय?" पत्र आलं तेव्हा ते दगडावर बसून मोठ्यानं वाचलं, आत ऐकू जाईल असं.

त्याच वर्षी भाताची कापणी चालू असताना मोरू झोपेतच गेला. आजार नाही, काही नाही. आदल्या दिवशी तो अष्टमीला जाऊन आला होता. पोरांनी मला नंतर सगळं सांगितलं, आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो थांब्यावर गेला. गाडी नागोठण्याला जरा थांबली. अष्टमीला उतरून पोरांना रांगेनं माळापर्यंत नेलं. काळुराम फाटकात होता.

"आज उशीर."

"ड्रायव्हरला सांग. मी काय गाडी ढकलत होतो?"

"मोजून दे."

"तूच मोज. तेवढं तरी येतं का बघू."

काळुरामनं पोरं आत घेतली आणि कडी लावली. मोरू दगडावर बसला नाही, पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात गेला. मी दातांना लावायची मिश्री सांगितली होती. दुपारी परत आला तेव्हा मी अंगणात भारे मोजून घेत होते. त्यानं पुडी माझ्या हातात दिली. ती मी सांगितलेल्या छापाची नव्हती. त्याला दरवेळी सांगूनही तो भलताच आणायचा. मी तसं बोलले.

"पुढच्या खेपेला स्वतः जा," तो म्हणाला, आणि म्हशीला पाण्यावर घेऊन गेला.